आला-बेलच्या घाटातला काटा

आधी मला त्याचे बूट दिसले.

मी एका व्हॅनखाली पाठीवर पडले होते. भर जुलैची दुपार, आणि तोक्तोगुलमधली जुलैची दुपार म्हणजे गॅरेजचा पत्राही तव्यासारखा तापलेला. समोर येऊन थांबलेल्या बुटांवर कसला तरी चिकट थर होता, त्याला धूळ बसलेली. आणि डाव्या बुटाच्या टोकावर एक मधमाशी, अगदी निवांत...

"कुणी आहे का?"

"आहे की."

"मला मेकॅनिक हवाय."

"मग बोला ना."

बूट एक पाऊल मागे सरकले. मग दोन गुडघे टेकले, आणि उन्हानं रापलेला एक चेहरा उलटा होऊन गाडीखाली डोकावला. डोक्यावरची पांढरी लोकरी टोपी, कल्पाक, निसटून धुळीत पडली.

"तुम्ही... तुम्ही बाई आहात."

"आणि तुम्ही उलटे आहात," मी म्हटलं. "आधी दोघंही सरळ होऊ या का?"

तो हसला. उलट्या चेहऱ्याचं हसू कसं दिसतं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

त्याचं नाव एर्मेक. तोक्तोगुलच्या धरणाच्या पलीकडच्या काठावर त्याचं आणि त्याच्या आईचं घर, आणि घरामागे चोवीस मधपेट्या. उन्हाळ्यात खालची फुलं करपली की तो पेट्या ट्रेलरवर लादून आला-बेलच्या घाटानं वर सुसामीरच्या कुरणात न्यायचा. मी बुरुल. जोलदोश मामाच्या गॅरेजात सगळे मला 'मामाची भाची' म्हणत, पण राजधानीत, बिश्केकला, दोन वर्षं राहून मी गाड्यांचे आजार ओळखायला शिकून आले होते. एक ऑगस्टला पुन्हा बिश्केकला, एका मोठ्या वर्कशॉपमध्ये रुजू व्हायचं होतं. माझ्या हातात तीन आठवडे होते.

"गाडी ओढत नाही," एर्मेक म्हणाला. "इथे सपाटीवर घोड्यासारखी पळते. घाटात गेली की मान टाकते."

"वर हवा पातळ असते, भावा!" मामा आतून ओरडला. "तिथे माणसाला दम लागतो, मग गाडीला नाही लागणार?"

"सगळे हेच म्हणतात..." एर्मेकनं कल्पाक झटकला. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "गेल्या आठवड्यात पहाटेच बारा पेट्या घेऊन निघालो. माथ्याच्या जरा अलीकडे गाडी बसली, ती बसलीच. दुपारी ऊन चढल्यावर आपली आपण सुरू झाली. पण तोवर बंद पेट्या तापल्या होत्या. तीन पेट्यांमधल्या माश्या... मी दार उघडलं, तर कुणी बाहेरच आलं नाही."

मामानं हातातला पाना खाली ठेवला. 

"पातळ हवा ताकद थोडी थोडी कमी करते," मी म्हटलं. "वर जाल तशी. ती अशी एकदम मान टाकायला लावत नाही, आणि दुपारी परतही देत नाही. इंजिनाला पेट्रोल कमी पोचतंय. किती कमी पोचतंय, ते बघावं लागेल."

मी पेट्रोलच्या पाइपवर दाब मोजायचा गेज बसवला. इंजिन सुरू केलं. काटा तीनवर गेला आणि तिथेच थांबला. रेस दिली, तरी तीनच.

"गाडी ठणठणीत आहे," एर्मेक हताश होऊन म्हणाला.

"इथे आहे. तुम्ही तरी गॅरेजात उभे असताना आजारी दिसता का?"

"दिसत नसेन," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "पण आत्ता जरा छातीत धडधडतंय..."

मी बॉनेट खाली आपटलं. जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चिचकानच्या खोऱ्यातून वर निघालो. गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर, माझ्या समोर चिकटपट्टीनं लावला होता. त्यानं गाडी चालवायची, मी काटा बघायचा. एका बाजूला पांढरी फेसाळ नदी, दुसऱ्या बाजूला मधाच्या बरण्या मांडून बसलेल्या बायका... प्रत्येकीनं एर्मेकला हात केला आणि मला नीट न्याहाळून घेतलं.

"उद्यापर्यंत धरणाच्या दोन्ही काठांवर बातमी जाईल," तो म्हणाला.

"कसली?"

"की एर्मेकच्या गाडीत बसलेली मुलगी त्याच्याकडे एकदाही न बघता सरळ काचेकडे बघत होती."

"मी काटा बघतेय."

"हो ना. मला त्या काट्याचा हेवा वाटतोय."

मी हसू दाबलं. काटा तीनवर. वळणं आली, चढ आला, काटा तीनवर. माथ्यावर पोचलो, गार वारा आत शिरला, तरी काटा जागचा हलला नाही.

खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. दोष सापडला नव्हता, आणि त्याच्या उरलेल्या बारा पेट्या अजून खालीच होत्या. पण माथ्यावर गाडीला टेकून आम्ही एकाच पुडीतले बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, खात होतो, खाली डोंगरांच्या रांगांवर ढगांच्या सावल्या सरकत होत्या, आणि माझ्या मनात एकच विचार होता – बरं झालं, पुन्हा एकदा यावं लागेल! आज लिहितानाही त्या विचाराची मला लाज वाटते. पण तो आला होता, हे खरं.

"गुरुवारी पहाटे मी उरलेल्या पेट्या नेतो," उतरताना तो म्हणाला.

"नका नेऊ. आधी दोष सापडू द्या."

"खाली एक फूल उरलेलं नाही, बुरुल. आणखी आठवडा थांबलो तर उपाशी मरतील."

त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं.

"मग मीही येते," मी म्हटलं.

घरी मामानं भुवया चढवल्या. "गेज जाणार ते कळलं. भाची कशाला?"

"काटा वाचायला डोळे लागतात, मामा."

"मग डोळे काट्यावरच ठेव म्हणजे झालं," मामा म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

गुरुवारी दिशा उजळायच्या बेतात असताना आम्ही निघालो. ट्रेलरवर बारा पेट्या दोरांनी आवळलेल्या, दारं जाळीनं बंद केलेली. खिडकी थोडी उघडी ठेवली तर मागून गुणगुण ऐकू यायची, एकसारखी, झोपेत कुणी गात असावं तशी.  नदी करड्या उजेडात वाहत होती. जसजसं वर गेलो तसा गारवा वाढला. रस्त्याकडेच्या गवतावर पांढरं दहिवर दिसू लागलं. त्यानं न विचारताच आपला कोट माझ्या मांडीवर टाकला. कोटाला धुराचा आणि मेणाचा वास होता...

"अडीच," मी एकदम म्हटलं.

"काय?"

"काटा! अडीच... सव्वादोन... एर्मेक, दोन!"

गाडीनं आचका दिला. त्यानं पायाखालचं पॅडल दाबलं, गियर उतरवला, पण जीवच नव्हता तिच्यात. माथा चार किलोमीटरवर असताना ती रस्त्याच्या कडेला थांबली. समोरच्या शिखराच्या टोकाला नुकतंच ऊन लागलं होतं.

"हीच जागा," तो पुटपुटला. "अगदी हीच."

"पंप चालू ठेवा. बोलू नका."

मी पेट्रोलच्या टाकीला कान लावला. पंप घूं-घूं करत होता, म्हणजे तो ठीक. बॉनेट उघडून पेट्रोल टाकीकडे परत नेणारा पाइप चिमटीत दाबला. दाब वर जायला हवा होता, पण काटा ढिम्म. म्हणजे पेट्रोल इथवर पोचतच नव्हतं. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये राहिला फक्त फिल्टर. तो एर्मेकनं महिन्यापूर्वीच नवा टाकला होता, म्हणून मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

पंप बंद करायला लावून मी थंडगार डांबरावर पाठ टेकली आणि मागच्या चाकापाशी सरपटत आत गेले. फिल्टर बर्फासारखा होता. पाइप सोडवला, आत बोट घातलं. बोटाला फिकट पिवळं, रवाळ काहीतरी लागलं. दोन बोटांत चोळलं, तर ते विरघळलं. नाकाशी नेलं. पेट्रोलचा वास, आणि त्याच्यामागे... फुलांचा?

"एर्मेक! तुम्ही पेट्रोल कशात साठवता?"

"कॅनमध्ये. वर कुरणात पेट्रोलपंप कुठे आहे?"

"आधी त्यात काय होतं?"

बाहेर त्याचे बूट चुळबुळले. मग हळूच – "मेण. आईचा कॅन होता. पण मी तो कढत पाण्यानं तीनदा धुतला होता!"

"पाण्यानं मेण निघत नाही हो. पेट्रोलनं निघतं!" मी गाडीखाली हसत सुटले. "खाली उकाड्यात ते पेट्रोलमध्ये विरघळून राहतं. इथे गारठ्यात गोठतं आणि फिल्टरमध्ये अडकतं. दुपारी ऊन लागलं की पुन्हा विरघळतं, आणि तुमची गाडी पळते."

त्याचे बूट ट्रेलरकडे वळले. "म्हणजे ज्या उन्हानं गाडी सुटली..."

"त्याच उन्हानं माश्या गेल्या. हो."

ट्रेलरमधली गुणगुण आता वाढली होती. शिखरावरचं ऊन हळूहळू खाली उतरत होतं.

"काही गरम आहे का?" मी विचारलं. "कढत काहीतरी. काहीही."

"चहा आहे. थर्मासमध्ये." तो अडखळला. "पण तो... तुझ्यासाठी आणला होता. दुधाचा, मीठ घातलेला. तुला आवडतो तसा."

तुझ्यासाठी. तुला. आम्हा दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

"कुणी सांगितलं मला आवडतो म्हणून?"

"मामांनी."

डोळे काट्यावर ठेवायला सांगणारा माझा मामा!

मी पाइप पुन्हा जोडला, गळ्यातला रुमाल काढून फिल्टरभोवती गुंडाळला, आणि एर्मेकनं खाली झोपून वाफाळता चहा त्यावर हळूहळू ओतला. मी रुमाल घट्ट धरून होते. चहा माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. आमची डोकी इतकी जवळ होती की त्याचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता.

"भाजतंय का?"

"नाही," मी म्हटलं. भाजत होतं.

तीन पेले ओतून झाल्यावर त्यानं जाऊन पंप लावला. "काटा! बुरुल, काटा चढतोय! दोन... अडीच... तीन!"

वाटेत काटा पुन्हा उतरू लागला, तेव्हा शेवटचा पेला आम्ही माथ्याच्या शेवटच्या वळणावर ओतला. पलीकडे उतार होता, आणि सगळं सुसामीर सकाळच्या उन्हात पसरलं होतं – पिवळं, जांभळं, निळं... इतकी फुलं की हिरवं मुळी दिसतच नव्हतं.

पेट्या उतरवून गवतात मांडल्या. दारावरची जाळी काढण्याआधी एर्मेक प्रत्येक पेटीला कान लावत होता. "तूही ऐक," तो म्हणाला. मी गार लाकडाला कान लावला, बोटानं टक् केलं. आतून एक लाट उठली आणि शांत झाली. पहिली जिवंत. दुसरी जिवंत. तो त्या बाजूनं, मी या बाजूनं. शेवटच्या पेटीला मी टक् केलं, आणि... काहीच नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी श्वास रोखून पुन्हा टक् केलं. फार खोलवरून, अगदी बारीक, गुणगुण आली. मग वाढली. मी मान डोलावली, तसा तो गवतात मटकन खालीच बसला.

दारं उघडली. माश्या बाहेर पडल्या, पेट्यांसमोर गिरक्या घेऊन जागा ओळखू लागल्या. एकीनं मला मनगटावर डंख मारला, चहानं लाल झालेल्या जागेवरच.

"हलू नकोस." त्यानं माझा हात धरला, नखानं डंख खरवडून काढला. डंख निघाला, तरी हात सोडला नाही.

"मी एक तारखेला बिश्केकला चाललेय," मी म्हटलं. कधीतरी सांगायलाच हवं होतं.

"माहीत आहे."

"मामा?"

"मामा." त्यानं माझ्या मनगटावरची सूज अंगठ्यानं हलकेच दाबली. "जा. तुझ्यासारखं ऐकणारं माणूस इथे एकाच गॅरेजात का अडकावं? मी थांब म्हणणार नाही. फक्त... तोक्तोगुल या बाजूला आहे आणि बिश्केक त्या बाजूला. मध्ये सुसामीर. सप्टेंबरपर्यंत मी इथेच असतो. गाडी काही बिघडली तर..."

"गाडी आता बिघडणार नाही. नवा फिल्टर टाक, टाकी धुऊन घे आणि कॅन फेकून दे."

"म्हणजे तू येणार नाहीस."

किती उदास झाला तो! अख्खा डोंगर चढून आला, आणि सरळ वाटेवर त्यानं मान टाकली.

"एर्मेक," मी म्हटलं, "मी गाडीसाठी येणार नाही. मी तुझ्यासाठी येईन. आता कळलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग फुलांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. 

"हे मी बोलणार होतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. रोज घरी सराव करत होतो. आईलासुद्धा पाठ झालंय."

"मग बोल की आता. मी ऐकतेय."

आणि तो बोलला. फार वेळ. ते मात्र मी कुणाला सांगणार नाही.

बिश्केकला गेल्यावर दर शनिवारी मी दुसऱ्या बाजूचा घाट चढून सुसामीरला यायची. सप्टेंबरच्या अखेरीस, बर्फ पडायच्या आत, आम्ही पेट्या खाली आणल्या. त्या दिवशी, आजपासून तेवीस वर्षांपूर्वी, त्यांच्या रंग उडालेल्या फाटकापाशी मी ट्रेलरचा हुक सोडवत होते, तेवढ्यात त्याची आई घाईघाईनं बाहेर आली. तिच्या हातात एक लहानशी चांदीची डबी होती, आणि डबीत कर्णफुलं – सून ठरवताना सासू मुलीच्या कानात घालते ती.

"दोन महिने वाट बघतेय," ती म्हणाली. "आता आणखी थांबवत नाही गं, पोरी. घालू?"

माझे दोन्ही हात ग्रीसनं काळे झाले होते, म्हणून मी नुसती मान पुढे केली.