नारळ उभा राहिला ती जागा

डोळे मिटा पाहू. तळहात उघडा धरा आणि त्यावर शेंडीचा एक नारळ आडवा ठेवा. जड आहे ना? आता तसेच अनवाणी चालायला लागा, तापल्या जमिनीवरून. पाणाड्या म्हणतो, जिथे जमिनीच्या पोटात पाणी असेल तिथे हा नारळ आपोआप उभा राहतो. तुमचा विश्वास बसत नसेल तर नका ठेवू. नारळ मात्र टाकू नका, तो हातात असू द्या आणि पुढचं ऐका.

जानेफळच्या अलीकडच्या एका लहान गावात दयाराम गुरुजी राहायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रविवारी सकाळी नववी-दहावीची पोरं शाळेच्या ओसरीवर त्यांच्याभोवती जमायची. शिकवायची हौस फिटली नव्हती, पण गुरुजी अलीकडे थकले होते. रात्रभर झोपूनही अंग तसंच जड. छातीत कुठेतरी गार आणि रिकामं वाटायचं. घोटभर पाणी प्यायलं, तर ते आत पोचायला फार वेळ लागतोय असं वाटायचं. वय झालं, ते स्वतःला समजावायचे.

गावची जुनी विहीर आटत आली होती आणि गावाला एकच बोअर मंजूर झाली होती. भूजलवाल्यांनी शाळेमागची जागा सांगितली. गुलाबराव पाणाड्याचा नारळ मात्र पार नाल्यापलीकडे उभा राहिला, आणि गाव गुलाबरावांच्या बाजूचं. एका रविवारी संध्याकाळी सभेत ठरणार होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन येणार होती. बोअर नाल्यापलीकडे गेली तर गुरुजींकडे येणाऱ्या पोरांतल्या फिजाची शाळा सुटणार होती. तिची अम्मी अख्तरी बांगड्यांचं गाठोडं घेऊन गावोगाव फिरायची, घरचं पाणी फिजाच भरायची. इतक्या लांबच्या खेपा आणि दहावी दोन्ही जमायचं नाही, हे घरात बोलून झालं होतं.

त्या रविवारी सकाळी गुरुजींनी पोरांना आधी विहिरीवर नेलं. वाकून पाहायचं नाही, त्यांनी बजावलं. लांब उभं राहायचं, हात पुढे करून खडा सोडायचा आणि आवाज येईपर्यंत मोजायचं, म्हणजे खोली कळते. फिजाचं मोजणं सगळ्यांत संथ आणि नेमकं होतं. कपारीतले पारवे फडफडून वर आले आणि पुन्हा आत गेले.

ओसरीवर परतल्यावर वाद पेटला. संघर्ष नावाचा पोरगा म्हणाला, त्यांच्या घरी नारळ फक्त चटणीले लागते. बुद्धानंच सांगून ठेवलं, कोणी सांगते म्हणून मानू नका. यावर फिजा म्हणाली, "पाणी अल्लाच्या हुकमानं लागते. नारळ काय त्याचा नौकर हाय?" पोरं हसली. गुरुजी कोणालाच हसले नाहीत. ते म्हणाले, विश्वास ठेवा, पण त्यालाही एकदा उन्हात चालवून पाहा. माणसाच्या मनात जे असतं ते बोटांना आधीच कळतं, बोटं नकळत हलतात आणि नारळ उठतो. डोळे बांधले की तो कुठेही उठेल, नाहीतर उठणारच नाही. हे सभेत सांगता आलं, तर गाव शाळेमागच्या जागेला तयार होईल.

फिजाचे डोळे तिच्याच ओढणीने बांधले. चपला काढून, तळहातावर नारळ घेऊन ती चालू लागली. शाळेमागे नारळ आडवाच. निंबाखाली आडवाच. मग ती ओसरीकडे वळली, गुरुजींच्या खुर्चीसमोर आली, आणि नारळ सावकाश उभा राहिला.

"घ्या," संघर्ष म्हणाला. "आता बोअर गुरुजींच्या खुर्चीखालीच मारा लागते."

गुरुजीही हसले. माझा आवाज ऐकून तिचा हात वळला, ते म्हणाले. ते उठले, चपला काढल्या आणि पाऊल न वाजवता पटांगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पोरांनी फिजाला गोल फिरवून सोडलं. रिकाम्या खुर्चीसमोर नारळ हललाही नाही. टोकाला मात्र उभा राहिला.

गुरुजी कुंपणाशी गेले. नारळ कुंपणाशी उभा राहिला.

हसणं थांबलं.

"दे इकडे," म्हणत संघर्षने नारळ घेतला. डोळे उघडे ठेवून, ओठ दाबून तो गुरुजींकडे चालत आला. त्याच्या हातावर नारळ इतक्या जोरात उभा राहिला की मनगट लचकलं.

"मी काहीच नाही केलं, गुरुजी."

गुरुजींना समजावून सांगायचं होतं. कारण असतंच, ते आपल्याला अजून सापडलेलं नसतं, एवढंच. ते म्हणाले, "बसा."

*बसा*, त्यांच्याच पायांखालून आवाज आला. थोडा उशिरा, थोडा ओला.

पोरांनी इकडेतिकडे पाहिलं. ओल्या शेवाळाचा वास आला, भर उन्हात.

विहिरीकडून पारवे आले. गुरुजींच्या डोक्यावर घिरट्या घालू लागले, उतरायला जागा शोधत असल्यासारखे.

फिजाने डोळ्यांवरची ओढणी सोडली. "सभेत काय सांगायचं, गुरुजी?"

ते फार थकले होते. उभं राहणंही आता दुसऱ्या कोणाचं काम वाटत होतं.

"जे पाहिलं ते," ते म्हणाले. "पण आधी तपासायचं, बेटा. शिकवलंय ना?"

फिजाने मान हलवली. खाली वाकून तिने एक खडा उचलला. ती जवळ आली, पण फार जवळ नाही. वाकून पाहिलं नाही. हात सरळ पुढे केला आणि गुरुजींच्या पायांशी, त्यांच्या सावलीवर, खडा सोडला.

मग ती ओठांतल्या ओठांत मोजू लागली. संथ, नेमकं.

पोरं कान देऊन उभी होती, पण खडा पडल्याचा आवाज येईना. फिजा मोजतच राहिली.