न विरघळलेला टाका

बरणी टेबलावर ठेवली गेली, आणि पाठोपाठ फोन वाजला.

"ते गर्भाशय कशाला तपासता? जाळून टाका," मोठे डॉक्टर म्हणाले. "पोरीचं बाळ गेलं, पिशवी गेली. आता आणखी चिरफाड नको. चूक त्या नवशिक्या डॉक्टरणीचीच. आजकालच्या या मुली पोटात टाक्यांचं रेशीमसुद्धा सोडून देतात."

काचवाल्या बाईंनी फोन ठेवला आणि बरणी उघडली. काढलेल्या अवयवांचे पातळ काप काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघणं हे त्यांचं काम होतं, म्हणून रुग्णालयानं त्यांना हे नाव दिलं होतं. मोठ्यांचं दडपण आलं की त्या जास्तच बारकाईनं बघत.

प्रकार असा होता. दुसऱ्या खेपेला कळा सुरू होताच पहिल्या सिझेरियनच्या व्रणावर त्या पोरीचं गर्भाशय फाटलं. पहिलं सिझेरियन मोठ्या डॉक्टरांनी केलं होतं. ते तिच्या नवऱ्याचे सख्खे मामा; ती त्यांच्या बहिणीची सून. आता भाच्याला पुढे करून तेच डॉक्टरणीविरुद्ध तक्रार करणार होते.

दुपारी बाईंनी डॉक्टरणीला विचारलं, "गर्भाशयाला टाके घातलेस?"

"नाही. रक्त थांबेना, म्हणून अख्खं काढावं लागलं. तपासायला मीच पाठवलं."

"का?"

"व्रणाची भिंत कागदासारखी झाली होती. का झाली, ते कळायला हवं होतं."

मग त्या सुनेच्या खोलीत गेल्या. सासूबाई उशाशी बसून होत्या. "बादली उचलू नकोस म्हणून हजारदा सांगितलं हिला. ऐकेल तर शपथ! हिनंच घालवलं आमचं बाळ." नवरा मान खाली घालून गप्प होता. त्या गप्पपणाचा बाईंना संताप आला.

"पहिल्या बाळंतपणानंतर काही त्रास?" त्यांनी सुनेला विचारलं.

"पाळी संपली तरी डाग लागायचे. ओटीपोटात ठणकायचं. मामांना सांगितलं, तर म्हणाले मनाचे खेळ आहेत."

काप तयार झाल्यावर बाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. मामा ऐटीत आले.

"पहिल्या वेळी गर्भाशय कशानं शिवलंत?" बाईंनी विचारलं.

"विरघळणाऱ्या धाग्यानं. केव्हाच विरघळला असेल."

"मग हे काय?" बाईंनी कुपी पुढे केली. तिच्यात काळ्या धाग्याचा तुकडा होता. "रेशीम. व्रणाच्या आत सापडलं."

"मी म्हणालो होतो ना! त्या पोरीनं..."

"तिनं गर्भाशयाला टाकाच घातला नाही. आणि या धाग्याभोवती जुनं, घट्ट मांस वाढलंय. ते रातोरात वाढत नाही. रेशीम विणलेलं असतं. त्याच्या विणीत जंतू घर करून राहिले, आतल्या आत पू धुमसत राहिला, भिंत झिजत गेली. डाग, ठणका, सगळं त्याचंच. बादलीचा काही संबंध नाही. राहिला एकच प्रश्न. बरणी उघडण्याआधी, मी चकार शब्द काढलेला नसताना, तुम्हाला रेशीम कुठून सुचलं?"

मामांनी कुपी बाजूला सारली.

"धागा संपला होता," ते म्हणाले. "कातडी शिवायचं रेशीम हाताशी होतं. दुसरा धागा मागवता आला असता, पण..."

"पण काय?"

"घरचीच केस होती. विचारणार कोण होतं?"

नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. सासूबाई घाईघाईनं उठल्या. "झालं ते झालं. तो माझा भाऊ आहे. घरातली गोष्ट घरातच राहू दे."

"बाई," सून अंथरुणातून म्हणाली. "म्हणजे बादलीनं नाही?"

"नाही."

"परत सांगा. मोठ्यानं. आईंना ऐकू आलं नसेल."

बाईंनी मोठ्यानं सांगितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. नवऱ्यानं बायकोचा हात धरायला हात पुढे केला. तिनं आपला हात पांघरुणाखाली घेतला.