टाकीत न आलेली उष्णता

केसाहून बारीक तंतू, तांब्यात गुंफलेले.

मुरबाडबाहेर आमची शेड. मागे कापलेली खाचरं.

बाळाच्या कमरेला करगोटा.

हेलियम उकळायला हवं. उकळत नाही.

ही तार हेलियमच्या थंडीत बुडवली की वीज विनाअडथळा वाहते. पण वीज उलटसुलट धावू लागली की तंतू थोडे तापतातच. कितीही बारीक करा. आमच्या टाकीत ती उष्णता येतच नव्हती. मीटर बदलले, सील बदललं. शेखर, माझा सहकारी, चिडून जेवलाही नाही.

ही तार आमच्या शेडमध्ये कामाला असलेल्या सावळीने गुंडाळली होती. तिचं बाळ वेळेआधी झालं, अंग गार. मी पाड्यावर भेटायला गेले.

"तुमच्या शेडचा आवाज सुरू झाला का याला ऊब येते, मॅडम," ती म्हणाली. "बंद झाला का गार."

"मशीन दाई झाली आमची!" सासू बाईजा हसली.

बाळाच्या कमरेला काळ्या गोफाऐवजी काहीतरी चमकत होतं. गोफ सारखा तुटायचा, म्हणून वाळूने, सावळीच्या नवऱ्याने, तिने घरी आणलेली उरलेली तार बांधली होती. त्याच रिळाची.

शेडवर परतून मी शेखरला सगळं सांगितलं.

पुढची चाचणी निराळी होती. वीज वाढवत न्यायची, अतिवाहकता, म्हणजे ते विनाअडथळा वाहणं, तुटेपर्यंत. तुटली की सगळी ऊर्जा एका क्षणात उष्णता होते.

"थांबवूया," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक येऊन बसलंय, अनिता. काय सांगू त्यांना? पाड्यावर बाळ तापेल?"

मी पाड्यावर धावले.

"सोड तो करगोटा."

"सोडला तर गार पडंल."

"नाही सोडलास तर भाजेल."

सावळीने तार कापली, बाळाला उघड्या छातीशी धरलं. बाईजाने शेगडी पुढे ओढली. तार मी ओढ्यात टाकली.

मी शेडवर परतले तोच शेखरने वीज वाढवली.

पडद्यावरची रेघ उसळली. तुटली.

उकळत्या हेलियमच्या वाफेने झडप किंचाळायला हवी होती.

टाकी गप्प.

मी वाळूला फोन लावला.

"झोपलंय," तो म्हणाला. "गार नाय, का तापलं नाय. बेस हाय."

मी खुर्चीत बसले. हसूच आलं.

शेखर हेलियमची पातळी पुन्हा पुन्हा बघत होता. थेंबभरही उतरली नव्हती.

"मग गेली कुठं?"

पौषात, म्हशाच्या जत्रेत भेटलेल्या आपल्या बहिणीला वाळूने त्याच तारेचा एक तुकडा दिला होता, कसाऱ्याला तिच्या तान्ह्या मुलीच्या कमरेला बांधायला.