ज्यांची उत्तरं जुळली

"तिथे एकमेकांची बाजू घेऊ नका बरं," अक्का म्हणाली होती.

अक्का म्हणजे माझी थोरली मामेबहीण. परदेशात काही वर्षं संसार करून परत आलेली. माझ्या लग्नाआधी ती माझ्या बॅगेत स्वेटर कोंबत बसली होती, आणि स्वेटरबरोबर सल्लेही. "व्हिसा वाढवायला गेलात की नवरा-बायकोला वेगवेगळं बसवतात. जे आहे तेवढंच सांगायचं. गोड बोलायला जायचं नाही."

मी हसले. "अगं, नवरा-बायकोनं एकमेकांची बाजू घ्यायची नाही तर कुणी घ्यायची? वॉचमननं?"

अक्कानं स्वेटर आणखी खाली दाबला.

तेव्हा मी प्रेमात होते ना! कुणी काही सांगितलं की ऐकू यायचं, पण डोक्यात शिरायचं नाही. डोक्यात फक्त तो होता — टेपनं गुंडाळलेला चष्मा नाकावर घेऊन काकांच्या दुकानात शिरलेला.

कॉलेज संपलं होतं, नोकरी लागायची होती, म्हणून मी काकांच्या चष्म्याच्या दुकानात बसत होते. हा परदेशात लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीवर आला होता. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि तक्त्याजवळ उभी राहिले.

"शेवटची ओळ वाचा."

"दिसत नाही."

"त्याच्या वरची?"

"तीही नाही."

"सगळ्यात वरचं मोठं अक्षर तरी?"

"तुम्ही समोर उभ्या आहात. अक्षर तुमच्या मागे आहे."

मी बाजूला झाले. कान तापले होते. "आता?"

"आता दिसतंय... पण मघाचं बरं होतं."

मग काय, त्याच्या चष्म्याला रोज काही ना काही व्हायला लागलं. आज काडी सैल, उद्या नाकाला टोचतोय. एकदा तर स्क्रू स्वतःच काढून खिशात घालून आला. काका म्हणाले, "ह्या माणसाचे डोळे ठीक आहेत, बाकीचं तू बघ." मी बघितलं. आणि लग्न करून त्याच्या मागोमाग परदेशात आले. त्याचं तिथे कायमचं राहणं मंजूर झालेलं. माझं मात्र लग्नाच्या व्हिसावर, मुदतीचं.

ती मुदत आता संपत आली होती. आणि आमचं पिल्लू दहा महिन्यांचं होतं, अंगावर पिणारं. मुदत वाढली नाही तर मला देश सोडावा लागणार होता. मला. पिल्लूला नाही. ती इथे जन्मलेली, बापाच्या हक्कानं राहू शकणारी. हे वाक्य मी मनातल्या मनात पूर्णसुद्धा करायचे नाही... अर्ध्यावर सोडून द्यायचे.

मुदतवाढीच्या मुलाखतीच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. सकाळी कचेरीच्या दारातच पहिला राग आला. तिथल्या पहारेकऱ्यानं पिल्लूची पाण्याची बाटली उघडायला लावली आणि मला म्हणाला, आधी तुम्ही प्या. मी प्यायले. मग म्हणाला, बाबागाडी बाहेर ठेवा. ठेवली, पावसात. आत जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, भिंतीवर नंबरांचा फलक, आणि पाण्याचं मशीन. पेले नव्हते.

"ओंजळीनं प्यायचं वाटतं," नवरा कानाशी कुजबुजला.

"हसवू नकोस. हसताना बघितलं तर म्हणतील, ह्यांना लग्नाचं गांभीर्य नाही."

"आणि न हसताना बघितलं तर म्हणतील, ह्यांचं लग्न खरंच झालेलं दिसतंय."

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्यानं माझा तो हात तसाच धरून ठेवला. त्याच्या बोटांना कितीही धुतलं तरी ग्रीसचा वास येतो. मला तो आवडतो. हे त्याला तोवर सांगितलेलं नव्हतं.

पिल्लूचा डायपर बदलायला मी बाळांच्या खोलीत गेले. तिथे एक मुलगी आरशासमोर उभी होती. माझ्याहून लहान, हातात बांगड्या, लांब बाह्यांचा ड्रेस. ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणतेय. मग ऐकू आलं —

"डावीकडे झोपतात... चहात साखर नाही... शनिवारी बाजार... डावीकडे झोपतात..."

मराठी! मला इतका आनंद झाला. "अगं, तू आपल्याकडची?"

ती दचकली. मग माझ्या कडेवरच्या पिल्लूकडे बघून जरा सैलावली. "ताई, तुमचं पाठ झालं?"

"कसलं पाठ?"

"प्रश्नोत्तरं. ह्यांनी सगळी लिहून दिलीत. चुकलं की..." ती थांबली. बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"चुकलं की काय?"

"काही नाही. ह्यांना चुकलेलं आवडत नाही." आणि हसली. ते हसू बघून मला पिल्लूला घट्ट धरावंसं वाटलं.

"तुझा नंबर दे ना मला. मी फोन करते."

"फोन ह्यांच्याकडे असतो."

"मग पत्ता?"

तो तिनं धडाधड सांगितला, घर नंबरापासून पिनकोडापर्यंत, एका दमात. तोही पाठ करून घेतलेला. पुलापलीकडची वस्ती, तळमजला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. "झालं का? किती वेळ?" आवाज चढलेला नव्हता. अगदी मऊ होता.

"आले, आले," म्हणत ती गेलीसुद्धा.

त्यांचा नंबर आमच्या आधी होता. दोघं वेगवेगळ्या दारांनी आत गेली आणि थोड्याच वेळात एकत्र बाहेर आली. अधिकारीण स्वतः दारापर्यंत आली होती, हसत होती. तिच्या नवऱ्याचा तो मऊ आवाज "थँक यू, थँक यू" करत होता. मुलीचा पासपोर्ट त्यानं स्वतःच्या आतल्या खिशात घातला. ती त्याच्या दोन पावलं मागून चालत गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

मग आमचा नंबर लागला. पिल्लूला नवऱ्याकडे देऊन आधी मी एकटी आत गेले.

मला इथली भाषा येते, पण घाबरले की मराठीच येतं, म्हणून आम्ही दुभाषी मागून घेतली होती. दुभाषीबाई आमच्या आईच्या वयाच्या. मानेवर चष्म्याची साखळी, चेहऱ्यावर एक रेषसुद्धा हलू न देणाऱ्या. अधिकारीण तरुण होती. विचारायला लागली, "नवरा रात्रीही कामावर जातो?"

"लिफ्ट बंद पडली की बोलावतात. माणसं अडकलेली असतात."

"मग रात्री मूल रडलं तर कोण उठतं?"

तिनं ते असं विचारलं, की माझ्या डोळ्यांसमोर त्याचं चित्रच उभं राहिलं — बायकोपोरीला टाकून रात्री भटकणारा माणूस. माझ्या नवऱ्याबद्दल असं? मी ताठ बसले. "तो उठतो."

"सकाळचा चहा?"

"तोच करतो."

"कपडे?"

"तोच धुतो."

"शेवटचं भांडण कशावरून झालं?"

"मीच उगाच ओरडले. चूक माझी."

मी बाहेर आले, पिल्लूला घेतलं, आणि तो आत गेला. जाताना त्यानं डोळा मारला. मीही मारला. किती शहाणी आम्ही!

मग दोघांना एकत्र बोलावलं. अधिकारिणीच्या समोर दोन कागद शेजारी शेजारी होते. ती बोलत गेली आणि दुभाषीबाई सपाट आवाजात सांगत गेल्या: "तुमचं एकही उत्तर जुळत नाही. पती म्हणतात, रात्री पत्नी उठते. चहा पत्नी करते. कपडे पत्नी धुते. भांडणात चूक पतीची. तुम्ही एका घरात राहता असं दिसत नाही. मुदतवाढ नाकारावी, असं मी लिहिणार आहे." जरा थांबून, "मूल वडिलांकडे राहू शकतं."

ते वाक्य. मी अर्ध्यावर सोडायचे ते. तिनं ते पूर्ण केलं, टोपण पेनाला लावता लावता.

मी तिच्याकडे बघितलं नाही. नवऱ्याकडे वळले.

"चहा मी करते? मी? लग्न झाल्यापासून एकदा तरी मी सकाळचा चहा केलाय का?"

"अगं, तिनं विचारलं, बायको घरीच असते का, काही करत नाही का... मला राग आला! म्हटलं, सगळं तीच करते."

"तुला कुणी सांगितलं होतं माझी बाजू घ्यायला?"

"तुला कुणी सांगितलं होतं? रात्री मी उठतो म्हणे! मी उठतो? माझ्या कानाशी ढोल वाजवला तरी..."

शेजारून एक सपाट आवाज सुरू झाला होता. दुभाषीबाई. आमचं एकेक वाक्य उचलून अधिकारिणीला त्यांच्या भाषेत सांगत होत्या, ढोलासकट.

"अहो, हे नका सांगू!" मी ओरडले.

"खोलीत बोललेलं सगळं सांगायचं, हे माझं काम आहे," त्या म्हणाल्या, आणि हेही भाषांतर करून टाकलं.

"सांगा मग! सांगा तिला, हा टॉवेल गादीवर टाकतो. औजारांची पिशवी ह्यानं बाबागाडीत ठेवली होती, पाना बाळाच्या उशीखाली! त्यावरून ओरडले मी. आणि चूक माझी नव्हती, ह्याचीच होती!"

"तेच तर मी सांगितलं!" नवरा म्हणाला. "आणि बाई, हेही सांगा त्यांना. ही माझा गजर बंद करून टाकते, मला झोप मिळावी म्हणून, आणि मग मी उशिरा पोचतो आणि साहेबांच्या शिव्या खातो. स्वयंपाक करताना गाणी म्हणते, सगळी चुकीची. आणि..." त्याचा आवाज एकदम खाली आला. "आणि नळ सोडून रडते."

त्याच्यावर रोखलेलं माझं बोट खाली आलं.

"ह्या मुलाखतीचं पत्र आल्यापासून. रात्री झोपायच्या आधी बाथरूममध्ये जाते, नळ सोडते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही."

"तुला... ऐकू येतं?"

"मी दाराबाहेर बसतो ना. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आम्ही बाहेरून बोलत राहतो. घाबरू नका, मी आहे इथे, असं. तुझ्याशी काय बोलायचं ते सुचत नाही... म्हणून नुसता बसतो. तुला तोंड पुसायला टॉवेल घेऊन. नळ बंद झाला की उठून जातो."

"म्हणून टॉवेल गादीवर असतो?"

"मग कुठे ठेवणार? पळत येऊन झोपेचं सोंग घ्यायचं असतं."

दुभाषीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मग ते सगळं सांगितलं. सावकाश. टॉवेलपर्यंत आल्यावर अधिकारिणीनं पेनाचं टोपण काढलं. पिल्लूनं तेवढ्यात माझ्या कानातलं ओढलं. मी रडत होते, आणि ह्या वेळी नळबिळ काही नव्हता. त्यानं खिशातून ग्रीसचा वास येणारा रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"घाण आहे," मी म्हटलं.

"माहितीये. नाक पूस."

"मला हा वास आवडतो." म्हणून टाकलं एकदाचं.

"काय?" त्याचे कान लाल झाले. चक्क लाल. दुभाषीबाईंनी ह्याचं भाषांतर केलं नाही. काम होतं त्यांचं, तरी.

मुदतवाढ मिळाली. एक वर्षाची! नियमानं अडीच मिळायला हवी होती. "उत्तरांमधल्या विसंगतीमुळे" कमी केली, असं कागदावर आहे. लोक म्हणतात, मिळाली ना, मग विसर. मी नाही विसरणार. माझ्या नवऱ्यानं दाराबाहेर बसून माझ्यावर केलेलं प्रेम एका परक्या बाईनं खोदून बाहेर काढायला लावलं, तेव्हा कुठे मला माझ्या लेकीजवळ राहू दिलं. तेही वर्षभरच. राग येतो, तो येऊ दे.

बाहेर बाबागाडी पावसानं भिजली होती. त्यानं शर्टाच्या बाहीनं ती पुसली आणि म्हणाला, "चहा?"

"तू करणार?"

"मग काय, तू?" दोघंही रस्त्यात वेड्यासारखे हसलो. आणि हसता हसता मला एकदम ती आठवली. बांगड्यांची, लांब बाह्यांची. तिचं सगळं जुळलं होतं. एकही उत्तर चुकलं नाही, म्हणून अधिकारीण दारापर्यंत सोडायला आली होती. तिला किती वर्षांची मिळाली असेल? पूर्ण, नक्कीच.

मी फिरले आणि परत आत गेले. फलकाखालच्या खिडकीत सांगितलं, ती मुलगी घाबरलेली होती, तिला परत विचारा, तो कचेरीतच नसताना विचारा. उत्तर आलं, ती फाईल बंद झाली. कुठलाही गोंधळ आढळला नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुलापलीकडे गेलो. पत्ता मलाही पाठ झाला होता. तळमजल्याचं दार, खिडकीला जाड पडदा. बेल वाजवली. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला, पडदा बोटभर हलला. मी पिल्लूला उंच धरलं, तिला दिसावं म्हणून. दार उघडलं नाही. माझ्या नवऱ्यानं पोलिसांना कळवलं. ते जाऊन आले, म्हणाले, पतीनं दार उघडलं, सगळं ठीक आहे असं ती स्वतः म्हणाली. तो शेजारी उभा असताना विचारलं असणार.

तेव्हापासून मी जातेय. कधी पाणी मागायच्या निमित्तानं, कधी उगाच. पण तो आता मला ओळखतो. मला बघितलं की मऊ आवाजात म्हणतो, "ती झोपलीये, ताई."

तुम्हाला तो ओळखत नाही. पुलापलीकडे तुम्ही राहत असाल, किंवा तुमच्याच जिन्यात, तुमच्याच मजल्यावर अशी कुणी असेल, जिचा फोन "ह्यांच्याकडे" असतो, तर तो कामावर गेला की दार वाजवा. एकदा नाही उघडलं तर दुसऱ्यांदा जा. मराठीत हाक मारा. आणि ती समोर आली की तिला पाठ नसलेलं काहीतरी विचारा. जेवलीस का, एवढं विचारलंत तरी चालेल.

आजच जा.