करंगळीची पट्टी

आमच्या प्रेमाची सुरुवात मी त्याची करंगळी दारात चेंगरून केली, हे आधीच कबूल केलेलं बरं.

शूटिंगचा पहिलाच दिवस होता. हातात वही, कानावर पेन्सिल अशा थाटात मी मेकअपच्या खोलीतून धावत निघाले आणि दार मागे धाडकन ओढलं. आतून एक अतिशय सभ्य आवाज आला.

"घाई नाही... पण जमलं तर दार उघडता का?"

तो ड्रमर होता. आमच्या सिनेमात एका पॉप बँडची गोष्ट होती आणि खऱ्याखुऱ्या बँडचे चौघे स्वतःचीच कामं करत होते. मी घाबरून त्याच्या डाव्या करंगळीला पट्टी बांधली आणि बांधताना इतक्या वेळा माफी मागितली, की शेवटी तोच ओशाळला. हसताना त्याची एक भुवई वर जायची. हे काही मी वहीत लिहिलं नाही, पण नोंद व्हायची ती झालीच.

सिनेमा म्हणजे त्या बँडचा एक धांदलीचा दिवस. सकाळी चौघे गाडीतून उतरतात, दिवसभर चाहत्यांपासून पळतात, मॅनेजर हरवतो आणि संध्याकाळी कसेबसे स्टेजवर पोचतात. पडद्यावरचा हा एक दिवस टिपायला आम्हाला छत्तीस दिवस लागणार होते. त्या छत्तीस दिवसांत कुणाचं बटण, कुणाचा भांग, कुणाच्या बुटाची नाडी तसूभरही बदलू न देणं हे माझं काम. तीन वर्षं दुसऱ्यांच्या वह्या सांभाळल्यावर पहिल्यांदाच माझी स्वतःची वही मिळाली होती. मामाच्या शब्दावर मिळाली होती. मामा या सिनेमाचा संकलक, आणि पडद्यावर चूक दिसली की त्याला जेवण जात नाही. "काम नीट झालं तर पुढचा सिनेमाही तुझाच," असं दिग्दर्शक म्हणाले होते. मला तेवढंच हवं होतं.

पहिल्या दिवशी ड्रमर पट्टीसकट कॅमेऱ्यासमोर गेला. म्हणजे गोष्टीतल्या त्या दिवशी त्याच्या बोटाला पट्टी आली, ती आलीच. बोट पाच दिवसांत ठणठणीत बरं झालं. पट्टी मात्र रोज सकाळी बांधायची, त्याच बोटाला, तेवढेच वेढे देऊन. आणि ती बांधणार कोण, तर मी!

"जरा सैल झालीय," तो रोज म्हणायचा.

"कालच्याइतकीच आहे."

"मग कालही सैल होती... पुन्हा बांधा."

मी पुन्हा बांधायची. दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागायला लागली. त्याने मला ड्रमच्या पहिल्या शिकवणीतली फजिती सांगितली, मी त्याला शाळेच्या नाटकात झाड झाले होते ते सांगितलं. झाड असूनही मी मध्येच बोलले होते, यावर तो इतका हसला की मेकअप पुन्हा करावा लागला. मला तो आवडायला लागला होता. लपवण्यात अर्थ नव्हता, कारण मी वाटेल ते वहीत लिहायला लागले होते.

पस्तिसाव्या दिवशी मामाने मला बोलावून घेतलं. पडद्यावर हॉटेलच्या जिन्यावरचा पाठलाग चालू होता. चौघे जीव मुठीत घेऊन पळत होते आणि ड्रमरची पट्टी उजव्या करंगळीला होती! मामापुढचा डबा उघडलेलाही नव्हता.

जिना पुन्हा मिळणार नव्हता, हॉटेलची तोडफोड सुरू झाली होती. दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, उद्या शेवटचा दिवस आहे, उद्यापर्यंत उपाय सापडला नाही तर पुढच्या सिनेमाचं विसरून जा.

मी तडक ड्रमरला गाठलं. तुम्हाला कळलं नाही का, असं विचारलं.

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही झाडाचं सांगत होता," तो खाली बघत म्हणाला. "मध्ये बोललो असतो तर थांबला असता... मला ऐकायचं होतं."

माझी नोकरी जायची वेळ आली आणि याला झाड ऐकायचं होतं. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. शेवटच्या सकाळी पट्टीची गुंडाळी मेकअपवाल्याच्या हातात दिली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. खरं सांगायचं तर रडू आवरत होते.

पण ड्रमरने रात्रभर डोकं चालवलं होतं. त्याने दिग्दर्शकांना सुचवलं, की जिन्यानंतर एक छोटासा शॉट घालू. गायक विचारेल, सकाळी पट्टी डाव्या हाताला होती ना? मी माझी मीच उजवीकडची सोडून डावीकडे बांधेन. तो विचारेल, मग दुखतंय कुठलं बोट? मी म्हणेन, आठवत नाही. दिग्दर्शक पोट धरून हसले. कॅमेरा लागला.

"मग दुखतंय तरी कुठलं बोट?" गायकाने विचारलं.

"कुठलंच नाही," ड्रमर म्हणाला. "एकतीस दिवस झाले बरं होऊन."

"कट," दिग्दर्शक म्हणाले आणि माझ्याकडे वळले. उठावंच लागलं. गोष्टीत अजून दुपारही झालेली नाही, एकतीस दिवस कुठून आले, असं मी सगळ्यांदेखत सुनावलं. ड्रमरने मान डोलावली आणि पुन्हा कॅमेरा लागला.

"मग दुखतंय तरी कुठलं बोट?"

"कुठलंच नाही." त्याने गायकाकडे नाही, कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "पण बांधणारी आवडते."

कॅमेरा चालू असताना आमच्या धंद्यात खोकतही नाहीत. मला ते पुरतं ठाऊक होतं.

"बांधून घेणाराही," मी म्हणाले.

पुढच्या सिनेमाची वही मला मिळाली. पहिल्या खेळाला मी ड्रमरशेजारी बसले होते, त्याची करंगळी माझ्या मुठीत होती. तो शॉट आला आणि कुठूनसा माझा आवाज आला. गायक बावचळून इकडेतिकडे बघायला लागला, तसं थिएटर हसून लोटपोट झालं. मी चाट पडले. मागे वळून मामाला विचारलं, की एवढी मोठी चूक, तू काढली नाहीस?

"चूक असती तर काढली असती," मामा म्हणाला.

त्या रात्री तो पोटभर जेवला.