एर्मिनाचं हक्काचं गिऱ्हाईक

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. सुहासिनीमावशी माझ्या आईची सख्खी बहीण, आणि शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलाय.

मायामी, साल २००६. पावसाळी शनिवारची पहाट.

त्या भागात हैतीच्या बायका शेतावरून भाजी भरून आणायच्या आणि शनिवारी सकाळी बाजार मांडायच्या. अळू, भेंडी, कोवळ्या शेवग्याच्या शेंगा. आपल्या लोकांच्या उड्या पडायच्या नुसत्या.

त्यात एर्मिना नावाची एक धिप्पाड बाई होती. तिच्याकडे एक रीत होती. ठरलेल्या गिऱ्हाइकाला त्या बायका ‘प्रातिक’ म्हणतात. प्रातिकसाठी सगळ्यात चांगला माल राखून ठेवायचा, वर मूठभर जास्त घालायचा. मात्र प्रातिकने दुसरीकडून काडीही घ्यायची नाही.

एर्मिनाची प्रातिक होती रत्ना. मावशीच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणारी, नागपूरची.

आणि मावशीचा जळफळाट व्हायचा!

“आपण पण तेवढीच भाजी घेतो ना? मग त्या रत्नालाच का स्पेशल ट्रीटमेंट?” ती काकांना दर शनिवारी ऐकवायची.

शेवटी तिने एर्मिनाच्या कानाला लागून सांगितलं, “रत्ना शेजारच्या बाईकडून पण घेते. मी पाहिलंय.”

साफ खोटं.

पुढच्या शनिवारी एर्मिनाने रत्नाकडे पाहिलंसुद्धा नाही. बिचारी रत्ना रडवेली होऊन परतली. तिने त्या बाजाराचं नावच टाकलं.

आणि वरची मूठ मावशीच्या पिशवीत पडू लागली.

मावशी हवेत होती. पण ते सुख फार टिकलं नाही. शेतावरून येताना एर्मिनाची व्हॅन पावसात उलटली. एर्मिना जागीच गेली.

त्यानंतरचा शनिवार.

पहाटे मावशीला जाग आली. बाहेर कॉरिडॉरमध्ये...

धप्प!

भरलेली टोपली खाली ठेवावी तसा आवाज.

तिने दार उघडलं. कोणी नव्हतं. बाहेर धो धो पाऊस, पण कॉरिडॉर कोरडा ठणठणीत.

उंबऱ्याशी मूठभर शेवग्याच्या शेंगा. देठांना ओली माती...

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

मावशीची पाचावर धारण बसली. काका म्हणाले, “अगं, कोणीतरी प्रँक करतंय.” पण शेंगा त्यांनीही खाल्ल्या नाहीत.

मग मावशीला ती रीत आठवली.

ती मुद्दाम बाजारात गेली आणि शेजारच्या बाईकडून पिशवी भरून भाजी आणली. सगळ्यांना दिसेल अशी.

इलाज लागू पडला. शनिवारी पहाटे दाराशी काही नव्हतं. मावशीने सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात...

धप्प!

समोरच्या दाराशी.

मावशीने दार किलकिलं केलं. समोर रत्ना उभी होती. हातात अळूची ही मोठी जुडी. चेहरा आनंदाने फुललेला.

“सुहासिनी, बघ ना! एर्मिना स्वतः घरी येऊन देऊन गेली. राग गेला वाटतं तिचा. आत्ताच जिना उतरली.”

बाजार सुटल्यापासून एर्मिना गेल्याचं रत्नाला कळलेलंच नव्हतं. तिला कोण सांगणार?

“तू... तू तिला पाहिलंस?”

“म्हणजे काय! चांगली मिठी मारली मला. मी तुझं नाव काढलं, तर म्हणाली, कोण सुहासिनी? ओळखतच नाही म्हणे. फनी आहे ना?”

मावशीच्या अंगावर काटा आला. पण त्याहून जास्त काहीतरी पोटात जळलं. तिने स्वतः मला सांगितलं ते.

“इतके शनिवार माझ्याकडे आली, पण मला कधी दिसली नाही. आणि रत्नाला मिठी?”

२००८ मध्ये मी तिच्याकडे राहायला गेले होते. घरात भाजीचं पानही नव्हतं. मावशी भाजी विकतच घेत नव्हती आता, कुणाकडूनच नाही. काका पिठलं खाऊन कंटाळले होते.

शनिवारी पहाटे मला जाग आली. मावशी अंधारात दाराच्या भोकाला डोळा लावून उभी होती. हातात रिकामी पिशवी.

“मावशी, काय झालं?”

“श्श...”

बाहेर काहीतरी जड खाली ठेवल्याचा आवाज आला. समोरच्या दाराशी.

मी गारठले. मावशी मात्र दाराला अजूनच चिकटली.

“थांब गं,” ती पुटपुटली, “आज तरी इकडे वळेल.”