चाव्याचं दुसरं माप

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसबहिणीची. तिने ती मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. कुणाला खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या.

रात्र नव्हती. शनिवारची दुपार होती, दोनचा सुमार, आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

ताई दातांच्या दवाखान्यात काम करते. ज्यांचे सगळे दात एकदम बदलायचे असतात, त्यांची फाइल ती तयार करते. चेहऱ्याचे फोटो, ओठ मिटून, हसून, बाजूने. दोन्ही जबड्यांचं स्कॅन. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे चाव्याचं माप, वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याचं. दातांवर निळी पेस्ट घालायची, पेशंटने तोंड मिटायचं, मिनिटभरात ती रबरासारखी घट्ट होते. ते मापही स्कॅन करून सगळं डिझायनरला पाठवायचं. तो दुसऱ्या शहरात बसून, पेशंटचं तोंडही न बघता नवे दात आखतो.

फाइल चुकली की दात चुकले.

ताईच्या आधी हे काम एक बाई करायच्या. पेशंटला दामटून सरळ बसवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. अठरा वर्षं त्यांनी हेच केलं. तीन महिन्यांपूर्वी, सकाळी कामावर निघताना, त्या घराच्या दारातच गेल्या.

गेल्या खऱ्या, पण दवाखान्यातून काही जाईनात.

फोटो जरा तिरका आला की डॉक्टर म्हणायचे, मास्तरीणबाई एका फोटोत काम संपवायच्या. स्कॅन परत घ्यावं लागलं की रिसेप्शनवालीसुद्धा उसासा टाकायची. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत माणसाशी भांडता येतं, त्याच्या चुका काढता येतात. मेलेल्या बाईच्या चुका काढायच्या कुठून?

तरी तिने शोधल्या. जुन्या फाइली उघडून तासन्‌तास बघत बसायची.

एकही सापडली नाही.

मास्तरीणबाईंनी शेवटची फाइल केली ती एका आजोबांची. बस स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. साखर वाढल्यामुळे त्यांचं काम लांबलं होतं. आता सोमवारी उरलेले हलते दात काढायचे होते. दात एकदा निघाले की चाव्याचं खरं माप पुन्हा मिळत नाही.

शुक्रवारी डॉक्टर ताईला म्हणाले, "नवीन काही घेऊ नका. मास्तरीणबाईंचीच फाइल पाठवा. तिला हात लावायची गरज नाही."

ते ताईच्या जिव्हारी लागलं.

शनिवारी सकाळी तिने आजोबांना बोलावून सगळं नव्याने घेतलं. आजोबा कंटाळले होते, जबडा पुढे काढून चावत होते. ताईला ते दिसलं. पण बारा वाजून गेले होते, आणि पुन्हा घेतलं तर डॉक्टरांच्या कानावर जाणार. तिने तेच माप स्कॅन करून फाइलीत टाकलं.

दीड वाजता सगळे जेवायला गेले. ताईने दाराला आतून कडी लावली. संगणकावर मास्तरीणबाईंची फाइल काढली.

आणि पुसून टाकली. मागमूसही ठेवला नाही.

तेवढ्यात आतल्या, फोटोच्या खोलीतून आवाज आला...

खटक्.

कॅमेऱ्याचा.

ताई जागच्या जागी गोठली. मग खुर्ची मागे झुकवताना होतो तसा बारीक घुर्र आवाज... आणि पाठोपाठ कुणीतरी आवंढा गिळला.

मग काहीच नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती. रस्त्यावरचा एकही हॉर्न नाही.

ती उठून आत गेली. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची मागे झुकलेली होती, वरचा दिवा चालू होता. आणि ट्रेमध्ये...

चाव्याचं निळं माप पडलं होतं.

तिने बोट लावलं. ते कोमट होतं.

तिने ते स्वतःच्या मापाशेजारी धरलं. तिच्या मापापेक्षा तीन मिलिमीटर तरी जाड. एक बुडबुडा नाही, कडा एका घावात कापलेल्या. त्या कडा ताईने जुन्या फाइलींमध्ये शंभरदा पाहिल्या होत्या.

दुसरं कुणी असतं तर किंचाळत पळालं असतं. ताई मला म्हणाली, "भीती नंतर वाटली गं. आधी डोक्यात एकच आलं... हेही माझ्यापेक्षा चांगलं आलंय."

तिने ते माप कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आपली फाइल पाठवली आणि बाहेरच्या पायरीवर उन्हात जाऊन बसली.

सोमवारी आजोबांचे दात निघाले. मंगळवारी डिझायनरचा फोन आला. फाइलमध्ये चाव्याची दोन मापं कशी? पहिल्यात जबडा पुढे सरकून जास्तच मिटलाय, ते धरून दात केले असते तर आजोबांचा चेहरा आक्रसला असता, बोलणं बिघडलं असतं. दुसरं फोटोंशी तंतोतंत जुळतंय, म्हणून तेच घेतलंय.

ताईने एकच पाठवलं होतं.

तिने फोन ठेवून दिला. दात तयार होऊन आले, बसले. आजोबांनी आरशात बघून एक गाडी खणखणीत पुकारली, सगळा दवाखाना हसला. डॉक्टर सगळ्यांसमोर ताईला म्हणाले, हे मास्तरीणबाईंच्या तोडीचं काम झालं. ज्या शब्दांसाठी ती तीन महिने झुरली, ते मिळाले, पण दुसरीच्या कामासाठी.

निघताना आजोबांनी सहज विचारलं, "त्या आधीच्या बाई दिसत नाहीत आज?"

त्या गेल्या, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"शनिवारी दुपारी त्यांनी पुन्हा माप घेतलं ना माझं. जीभ टाळ्याला लावा म्हणाल्या, आवंढा गिळा, आता हळूच मिटा. हात फार गार त्यांचे."

सोबत आलेल्या आजी शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ह्यांचं काही मनावर घेऊ नका, शनिवारी जेवून हे पाच वाजेपर्यंत घरातच घोरत होते, मी तिथंच बसले होते.

मग त्याच म्हणाल्या, "उठले तेव्हा ओठाला निळं काहीतरी लागलं होतं खरं. मीच पुसलं..."

आजोबा ताईकडे बघत होते. "मला विचारत होत्या त्या. म्हणाल्या, ती नवीन मुलगी माझ्यापेक्षा चांगलं काम करते का हो?"

ताईने विचारलंच.

"मग... तुम्ही काय म्हणालात?"

"तोंडात ती पेस्ट होती की, पोरी. बोलता कुठे येतंय? असू दे म्हणाल्या. पुढच्या खेपेला सांगा."

आजोबांची पुढची तपासणी येत्या शनिवारी आहे. मी ताईला म्हटलं, त्या दिवशी रजा टाक, तिथे थांबू नकोस.

ती नाही म्हणाली. आजोबा काय उत्तर देतात, ते तिलाही ऐकायचंय.